टाचणीने मागितलेली पाच मुलं

पडदा वर जातो. समोर चर्चच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. डाव्या भिंतीवर खुंट्यांना गायकवृंदाचे पांढरे झगे ओळीनं टांगलेले, जणू गाणारे अंगातून निघून गेले आणि कपडे तेवढे मागे राहिले. उजवीकडे खिडकी, तिच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. मधोमध कापड बेतायचं भलंमोठं टेबल आणि त्याभोवती सहा स्टुलं. पाच रिकामी. सहाव्यावर साधारण नऊ वर्षांची एक मुलगी पेन्सिलीला टोक काढते आहे. प्रेक्षक वाट बघतात, आता काहीतरी घडेल. मुलगी टोकच काढते आहे. टोक निघतं, ती ते उजेडात धरून बघते, आणि पुन्हा काढायला लागते.

मग विंगेतून प्रवेश होतो एका उंच, काटकुळ्या बाईचा. गळ्यात मोजपट्टी, मनगटावर टाचण्यांची गादी, आणि उरलेल्या टाचण्या ओठांत.

ही आमची टाचणी. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट तिनं सांभाळला, मी तिथं राण्या आणि सासवा करत होते तेव्हापासून. एका प्रवेशात मी सिंहासनावरून उठायची आणि पुढच्या प्रवेशात मला फाटक्या लुगड्यात भीक मागायची असायची. मधल्या अंधारात टाचणीचे हात अंगावरून असे फिरायचे की मुकुट कधी गेला आणि डोक्यावर चिंधी कधी आली हे मलाही कळायचं नाही. तोंडात टाचण्या असल्यामुळे ती बोलायची ते ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि मोजकंच. "हात वर. श्वास सोडा. जा." एवढ्या तीन वाक्यांवर तिनं माझी उभी कारकीर्द पेलली. मला ती राणीसरकार म्हणायची. मी भिकारणीच्या वेशात असले तरी.

तिचा नवरा त्याच कंपनीत दिवे बघायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली, दोघांनी आशा सोडली, आणि मग मुलगी झाली. दवाखान्यात आम्ही सगळे जमलो होतो. नवरा पाळण्यात डोकावून म्हणाला, "टाचणीच्या पोटी दुसरं काय येणार? बटण." तेव्हापासून तिचं नाव बटण.

आणि देवाची गंमत बघा. जी बाई डोळ्याचं पातं लवायच्या आत राणीची भिकारीण करायची, तिच्या पदरात त्यानं जगातली सगळ्यात सावकाश मुलगी टाकली. बटणला बुटाची नाडी बांधायला लागायचा तेवढ्या वेळात आमचा एक आख्खा अंक बदलायचा. जेवायला बसली की बाकीच्यांची भांडी घासून पालथी घालून व्हायची, हिचा अर्धा पाव उरलेला. तिला एखादी गोष्ट विचारली तर उत्तर यायचं, नक्की यायचं, पण आपण काय विचारलं होतं हे विसरून गेल्यावर. बरं, मुलगी मठ्ठ नव्हती. हातात घेतलेलं काम सोडायची नाही. पण नाडीची गाठ मनासारखी बसली नाही की सोडून पुन्हा बांधायची.

शाळेला हे कुठून परवडणार? पेपर अर्धा झाला की घंटा व्हायची. जे लिहिलेलं असायचं ते बहुतेक बरोबर. जे कोरं राहायचं ते अर्थातच चूक धरलं जायचं. एक वर्ष तिला खाली बसवलं. मग आणखी एक वर्ष. मग शाळेनं ठरवलं की तिला बालवर्गाजवळच्या खास खोलीत घालावं. एक दिवस टाचणी तिला आणायला जरा लवकर गेली आणि दारातून तिनं पाहिलं. बटणच्या निम्म्या उंचीची पोरं होती, बुटक्या खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एका खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून बटण बसली होती. रडत नव्हती. ससा रंगवत होती, रेघेच्या बाहेर न जाता.

टाचणीनं तिला उठवलं, दप्तर काखोटीला मारलं, आणि घरी आणलं. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "त्या खुर्चीत ती पुन्हा बसणार नाही."

म्हणणं सोपं होतं. शिक्षण खात्यात चौकशी केल्यावर कळलं की मूल घरी शिकवायला हरकत नाही, पण एकेकट्यानं नाही. निदान सहा मुलांचा गट हवा, एकाहून जास्त घरांतला. एक ठरलेली जागा हवी. सत्राच्या शेवटी तपासनीस येऊन सगळ्यांची परीक्षा घेणार. गट झाला नाही, तर सुट्टीनंतर मुलगी परत शाळेत. आणि शाळेत म्हणजे त्याच खोलीत, त्याच खुर्चीत.

जागा मिळाली. टाचणी चर्चचे झगे त्या मागच्या खोलीतच दुरुस्त करायची. पाळकांना विचारायचीही वेळ आली नाही, त्यांनी आपणहून किल्ली दिली. स्टुलं आमच्या कंपनीच्या मोडीत काढलेल्या सामानातली. नवऱ्यानं पाय ठोकून सारखे केले. राहिली मुलं.

इथे मला टाचणीच्या श्रद्धेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती प्रार्थना करायची ती शिवणकामासारखी: रोज, ठरल्या वेळी, सरळ टाक्यात. प्रयोगाआधी आम्ही नटमंडळी आरशासमोर काय काय चाळे करायचो. ती एका कोपऱ्यात मान खाली घालून क्षणभर उभी राहायची, आणि मग सुईत दोरा ओवायची. पण तिचा एक नियम होता, तिच्या आईकडून आलेला. जे वर मागितलं ते खाली मागायचं नाही. देवाकडे शब्द टाकला आणि मग लोकांची दारं ठोठावत हिंडलं, तर तो देवाचा अपमान. "एकदा वर अर्ज गेला," ती म्हणायची, "की खाली खिडक्याखिडक्यांतून फिरायचं नाही."

म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये नाही, गल्लीत नाही, नाटकवाल्यांत नाही. रोज सकाळी खोली झाडायची, सहा स्टुलं मांडायची, एकावर बटणला बसवायची, दार लावून घ्यायचं आणि वाट बघायची. मी शेजारच्या गल्लीत राहते. गुडघे कुरकुरत असले तरी सकाळी तिथे जाऊन बसायचे, बटणच्या वाचनाला कान द्यायचे. मी तिला म्हटलं, अगं, चर्चच्या फळ्यावर निदान चार ओळी लिही.

"राणीसरकार," ती टाचण्यांआडून म्हणाली, "तिसरी घंटा झाली की पडदा उघडणारच, हा भरवसा होता ना तुम्हाला? पडदा कोण ओढतोय ते बघायला जात होता का?"

मी म्हटलं, मी नव्हते जात, पण आपला मॅनेजर जायचा.

ती हसली नाही. टाचण्या तोंडात असल्या की ती हसायची नाही, आणि त्या दिवसांत टाचण्या सारख्याच तोंडात असायच्या. आठवडे गेले. बटण वाचायला लागली, सावकाश, पण वाक्याच्या शेवटापर्यंत. गणित मात्र टाचणीला शिकवता येईना. कापडावर तिचा हिशेब कधी चुकला नाही, पण तोच पाव आणि पाऊण कागदावर मांडला की मायलेकी दोघी घोटाळ्यात पडायच्या. आणि पाच स्टुलांवर धूळ. ती रोज पुसायची, म्हणून धूळ नव्हती. पण असल्यासारखी वाटायची.

मग खात्याकडून निरोप आला की तपासनीस सत्र संपता संपता येतील. त्या शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. जेवताना बटणनं विचारलं, "आई, बाकीच्या स्टुलांवरची मुलं कधी येणार?"

"येतील," टाचणी म्हणाली.

जेवणं झाली. नवऱ्यानं भांडी आवरली. मी खुर्चीत पेंगले. टाचणी एका झग्याची दुमड घालत होती. बटणचा पाव अजून चालू होता. तो संपवून, हात पुसून, खुर्ची नीट सरकवून ती आईजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पण त्यांना माहीत आहे का?"

टाचणीचा हात थांबला. मी तिला इतकी वर्षं ओळखते. प्रयोगात आग लागली होती तेव्हाही तिचा हात थांबला नव्हता. नवरा दारात हातात ताटली घेऊन उभा. तो विनोद करणार असं मला वाटलं, पण त्यानंही केला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी त्या मंडळीतली नव्हे, पण गाणं ऐकायला शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे; त्यांच्या ऑर्गनवाल्या आजोबांचा हात फार गोड. तिथे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक प्रथा होती. पाळक सांगायचे की शेजारी बसलेल्या माणसाकडे वळा, आपला प्रार्थनेचा विषय त्याला सांगा, आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. टाचणीला ही प्रथा आवडायची नाही. ती वेळ आली की झगे बघायच्या निमित्तानं मागे सटकायची. त्या दिवशी ती उठली, पदर सारखा केला, आणि परत बसली.

तिच्या शेजारी वर्षानुवर्षं बसायची ती पाववाली. नाक्यावरच्या बेकरीची मालकीण, गोल, गोरीगोमटी, अंगाला सदैव ताज्या पावाचा वास. तिला जुळे मुलगे, इतके सारखे की एकानं केलेल्या खोडीबद्दल शाळा दुसऱ्याला शिक्षा करायची, आणि मग तो दुसरा, शिक्षा झालीच आहे म्हणून, खोडी करून टाकायचा. टाचणीला शब्द जुळवायला वेळ लागत होता, म्हणून पाववालीनंच आधी सुरुवात केली. डोळे मिटून ती हळू आवाजात सांगू लागली की मुलांना शाळेनं तिसऱ्यांदा घरी पाठवलंय, कुठेतरी त्यांना समजून घेणारं कुणी मिळावं. मी त्यांच्या पाठीमागेच होते, मला सगळं ऐकू येत होतं. नाटकवाल्यांचे कान असलेच.

"तुमच्या वर्गात जागा नाही, ते माहीत आहे मला," पाववाली म्हणाली. "म्हणून म्हटलं, दुसरीकडे कुठे."

टाचणीनं डोळे उघडले. "जागा नाही असं कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं? रोज सहा स्टुलं मांडलेली दिसतात खिडकीतून. दार लावलेलं. तुम्ही कुणाला काही बोलत नाही. आम्ही समजलो, ठरलेली मुलं आहेत, बड्या घरची. आमच्यासारख्यांनी कशाला विचारायचं? मी आपली त्याच्याकडे मागत राहिले."

"कधीपासून?"

"तुम्ही खोली उघडलीत तेव्हापासून."

"मी पाच मुलं मागतेय," टाचणी म्हणाली. "तेव्हापासूनच."

"कुणाकडे?"

"त्याच्याकडे."

"ह्याच बाकावर?"

"ह्याच."

मग पाववालीच्या पोटातून जे हसू निघालं ते तिला आवरेना. बाक हलायला लागला. टाचणीनं ओठ दाबले, पण टाचण्या नसताना ओठ दाबून काय होणार? तीही हसली. समोरच्या रांगेतल्या माणसांनी डोळे उघडले. पाळकांनी एक डोळा उघडला. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण हसू बाकाबाकावर पसरत गेलं. पाळकांनी परिस्थिती ओळखून आमेन जरा लवकर म्हणून टाकलं, आणि ऑर्गनवाल्या आजोबांनी पुढचं गाणं अंमळ जोरातच सुरू केलं.

बाहेर आल्यावर टाचणी पायरीवर बराच वेळ उभी होती. मला वाटलं आनंदानं. ती म्हणाली, "तीन झाली. अजून तीन. त्यानं पाठवलेली माणसं अशी दारामागे बसलेली असतील, आणि मी दार लावून बसले." मग चेहरा बघवत नाही इतका गंभीर करून म्हणाली, "आता दारं ठोठावावी लागणार, राणीसरकार. आणि मला ते येत नाही."

तिला खरंच येत नव्हतं. पहिलं दार एका नर्सबाईचं होतं. तिला रात्रपाळी, आणि दोन मुली सकाळी शाळेत नेऊन सोडायला कुणी नाही. टाचणी दारासमोर उभी राहिली, हात उचलला, खाली घेतला, मोजपट्टी सारखी केली, पुन्हा उचलला. पहिल्यांदा रंगमंचावर जाणाऱ्या कितीतरी पोरींना मी असं विंगेत पाहिलंय. मी मागून तिच्याच आवाजात हळूच म्हटलं, "हात वर. श्वास सोडा. जा."

तिनं ठोठावलं. नर्सबाई अर्धवट झोपेत दार उघडून उभी. टाचणीनं पाठ केलेलं सगळं विसरून एका दमात विचारून टाकलं. नर्सबाई ऐकत होती, मग तिनं एकच विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

पुढच्या दारीही तेच. ऑर्गनवाल्या आजोबांकडे सत्राच्या मध्यात एक नातू राहायला आला होता. कुठलीच शाळा त्याला घेईना, आणि तो घरात बसून ऑर्गनच्या पट्ट्या मोजत होता. आजोबांनीही तोच प्रश्न केला. सहा झाली.

पण गणिताचं काय? त्यासाठी एक दार उरलं होतं, आणि ते सगळ्यात जड. टाचणीची मोठी नणंद निवृत्त गणिताची मास्तरीण. ताठ कणा, चष्म्याला दोरी. बटण शाळेत मागे पडली तेव्हा तिनं भर जेवणात सांगितलं होतं की पोरीचं डोकं मंद आहे, मान्य करा आणि पुढे चला. तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही. नवरा बिचारा दोन्ही घरी जाऊन दोन्हीकडचं गोड बोलून यायचा. तो म्हणाला, मी सांगतो ताईला. टाचणी म्हणाली, नको, विचारायचं तर मीच.

मी सोबत होतेच. नणंदेनं दार उघडलं आणि भावजयीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माफी मागायला आलीस?"

"नाही, वन्सं. तुम्ही मागणार असाल तर थांबते."

"मग?"

"गणित शिकवायला बोलवायला आले. मला येत नाही."

नणंद चष्मा पुसत राहिली. मला वाटलं, दार लागतंय आता. ती म्हणाली, "इतक्या दिवसांनी सुचलं. मी खडूची पेटी काढून ठेवलीय केव्हाची." आणि मग, चष्मा लावून झाल्यावर, "मंद म्हणायला नको होतं मी. सावकाश म्हणायला हवं होतं." टाचणीनं तिच्या हातातून खडूची पेटी घेतली. झालं, एवढ्यावर भांडण मिटलं. आमच्या नाटकात ह्याला पाऊण अंक लागला असता.

आता त्या खोलीचं चित्र बदललं. सकाळी आधी प्रार्थना, प्रत्येक मुलाची एकेक ओळ. जुळ्यांतला एक रोज म्हणायचा की प्रभू, आज बोलणी ह्याला बसू देत. दुसरा आमेन म्हणायच्या आत आपली उलटी प्रार्थना घालायचा. मग वाचन माझ्याकडे, गणित नणंदेकडे. नर्सबाई झोप झाल्यावर येऊन शरीराची हाडं शिकवायची, आजोबा सूर. पाववाली दुपारी मुलांना बेकरीत नेऊन पीठ तोलायला लावायची. टाचणी मधल्या टेबलाशी झगे शिवत सगळ्यांवर नजर ठेवायची.

आणि एक नियम तिचा. आमच्या कंपनीत शेवटचा नट तयार झाल्याशिवाय पडदा उघडत नसे, मग तो भालदार का असेना. टाचणीनं तोच नियम वर्गाला लावला. टेबलावरचं काम शेवटच्या मुलाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. शेवटचं मूल म्हणजे कोण, हे सांगायला नको. सुरुवातीला काय गोंधळ. जुळे उसासे टाकायचे, नर्सबाईची मोठी डोळे फिरवायची, एक जण बटणच्या कानाशी टकटक करायचा. बटणवर काही परिणाम नाही. ती आपली दुमड घालावी तशी अक्षरं घालत बसायची. मग हळूहळू पोरांना सवय झाली. कुणी वाचायचं, कुणी चित्र काढायचं, आजोबांचा नातू टेबलाच्या कडेवर बोटांनी गाणं वाजवायचा. एकदा मला दिसलं की जुळेही आपला कागद परत वाचताहेत आणि चुका दुरुस्त करताहेत. त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

नणंदेला मात्र हा नियम पटत नव्हता. परीक्षेला वेळ असते, ती म्हणायची, तपासनीस काही आपल्या टाचण्यांवर चालणार नाहीत. ह्या लाडांत पोरगी बुडेल. टाचणी म्हणायची, तुम्ही गणित सांभाळा, वेळेचं मी बघते. "कशी बघणार?" नणंद विचारायची. टाचणी मान खाली घालून क्षणभर डोळे मिटायची, आणि सुईत दोरा ओवायची.

तपासनीसबाई आल्या त्या सकाळी खोलीत जमेल तेवढी माणसं होती. जुळ्यांचे केस पाणी लावून बसवलेले. नणंदेच्या साडीची घडी सुरीसारखी. टाचणीचा नवरा उगाचच शिडीवर चढून दिव्यांच्या तारा तपासत होता. तपासनीसबाई मध्यम वयाच्या, दमलेल्या, प्रेमळ चेहऱ्याच्या. त्यांनी झगे पाहिले, पुठ्ठ्याची खिडकी पाहिली, सगळ्यांना विचारून घेतलं कोण काय शिकवतं, आणि पेपर वाटले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मी रंगमंचावर मृत्यूचे किती प्रवेश केलेत, पण इतकी शांतता कधी अनुभवली नाही. पेन्सिली सुरू झाल्या. जुळ्यांचं आधी संपलं, मग नर्सबाईच्या मुलींचं, मग नातवाचं. बटण अर्ध्यावर. घड्याळ पुढे चाललेलं. टाचणी झग्यांच्या ओळीपाशी उभी, ओठांत टाचण्या, डोळे मिटलेले.

"वेळ झाली," तपासनीसबाई म्हणाल्या. "कागद द्या."

कुणी उठलं नाही. पाच मुलं कागदांवर हात ठेवून बसून राहिली. सगळ्यांच्या नजरा बटणकडे, आणि बटणची नजर कागदावर. तपासनीसबाईंनी थोरल्या जुळ्यापुढे हात केला. तो अदबीनं म्हणाला, "अजून आमचं झालं नाही, बाई."

"तुझं तर झालंय."

"हो. पण तिचं व्हायचंय."

तपासनीसबाईंनी मोठ्यांकडे पाहिलं. टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढायला हात वर नेला, पण तिच्या आधी नणंदच पुढे आली, तीच नणंद.

"बाई, मी उभा जन्म घंटेवर पेपर ओढून घेतले," ती म्हणाली. "ह्या मुलीचेही घेतले असते, आणि शेवटची गणितं तिला येतात की नाही हे मला कधी कळलं नसतं. तुम्हाला वेळ बघायची आहे की मुलीला काय येतं ते?"

तपासनीसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, बटणच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, घड्याळ उचलून पर्समध्ये ठेवलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी चपला काढल्या. पाववालीनं पुढ्यात पाव ठेवला तोही खाल्ला. आजोबांचा नातू कडेवर बोटं वाजवत होता. त्याही पायानं ताल धरू लागल्या. कुणी घाई केली नाही. शेवटी बटणनं पेन्सिल ठेवली, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, एक आकडा खोडून पुन्हा लिहिला, आणि उठून दोन्ही हातांनी कागद दिला.

तिच्या आयुष्यातला पहिला पूर्ण भरलेला पेपर.

तपासनीसबाईंनी तिथेच तपासला. "शेवटचं एक चुकलंय," त्या म्हणाल्या.

"हो का?" बटण म्हणाली. "बघू." आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला.

सगळ्यात आधी हसल्या त्या तपासनीसबाई. मग जुळे, मग आम्ही सगळेच. बाईंनी कागद दिला नाही, पण बटणचा हात हातात घेऊन म्हणाल्या की गटाला पुढच्या वर्षाची मान्यता आहे, आणि ह्या मुलीला आता कुठल्याही खास खोलीत पाठवायचं कारण नाही. मग जे झालं ते एखाद्या अखेरच्या अंकालाही शोभलं असतं. पोरं झग्यांच्या ओळीतून आरपार धावत सुटली, पांढरे झगे दोन्हीकडे उडू लागले. आजोबा चर्चमध्ये जाऊन ऑर्गनवर बसले आणि त्यांनी ऑर्गनच्या होत्या तेवढ्या खुंट्या ओढून भरल्या आवाजात वाजवायला घेतलं. नवऱ्यानं भर सकाळी होते नव्हते तेवढे दिवे लावले. नणंद खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होती. आणि टाचणीनं तोंडातली एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली, आणि एका स्टुलावर टेकली. इतक्या वर्षांत तिला कामाच्या जागी बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "थँक्यू, प्रभू," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग बटणला जवळ घेतलं, आणि बटण तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ राहिली, कारण बटण कुठलीच गोष्ट घाईनं करत नाही.

तपासनीसबाई चपला घालून निघाल्या. दारात जरा थांबल्या. त्यांनी सांगितलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कुटुंब आहे, त्यांच्या मुलालाही शाळेनं घरी बसवलंय, आणि आईवडील कुणाशी काही बोलत नाहीत. त्यांना इकडे यायला सांगू का, असं त्यांनी विचारलं.

टाचणी उठून उभी राहिली, मोजपट्टी गळ्यात नीट केली.

"सांगू नका, बाई. पत्ता द्या. मीच जाऊन विचारते."